आधी पट्टीला हात

सोनावणे सरांनी मला आयुष्यात विचारलेला पहिला प्रश्न होता, "साडी कसली आहे?"

मी मुलाखतीला गेले होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. बेलवलीहून मी ठेवणीतली साडी नेसून, पावडर वगैरे लावून पोचले. समोर मालक हरीशेठ, उल्हासनगरचे, गोल चेहऱ्याचे आणि गोड बोलणारे. त्यांच्या शेजारी एक उंच, किडकिडीत माणूस बसला होता. शेठ मला शिक्षण विचारत होते, अनुभव विचारत होते, आणि हा माणूस एकटक माझ्या पदराकडे बघत होता. मी पदर सावरला. तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला.

"काय म्हणालात?" माझा आवाज चढलाच.

"नायलॉन आहे ना? का जॉर्जेट?"

शेठ घाईघाईने मध्ये पडले. "मॅडम, बुरा मत मानना. ये हमारे इंजिनियर साहब हैं. सबको पूछते हैं. मेरे को भी पूछते हैं, मेरे पँट का."

नोकरी मिळाली, अट एकच. कामावर येताना सुती नेसायचं. घरी येऊन मी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "कंपनी कसली आहे नक्की? खादी भांडार का?"

आमची कंपनी जो डबा बनवायची, तो बिल्डिंगच्या पंपावर बसायचा. टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की चालू. त्या डब्याची अक्कल म्हणजे आतली एक चिप. काळी, चपटी, दोन्ही बाजूंनी पाय फुटलेली, मला तर ती झुरळासारखी दिसायची. सर तिला बाळ म्हणत. "बाळाला हात लावण्याआधी माणसं हात धुतात की नाही? तसंच हे. फक्त इथे पाण्याने नाही धुवायचे."

मग कशाने, तर पट्टीने. जिथे बायका चिपचे बोर्ड जुळवायच्या त्या खोलीच्या दाराशी, भिंतीवर, सहज हात पोचेल अशी तांब्याची एक रुंद पट्टी ठोकलेली होती. तिच्यापासून निघालेली जाड वायर थेट अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेलेली. खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या पट्टीला हात लावायचा. माणूस चालतो, कपड्याला कपडा घासतो, अंगात वीज साठते, आणि ती चिपमध्ये उतरली की चिप संपली, असं सरांचं म्हणणं. पट्टीला हात लावला की ती वीज गुपचूप जमिनीत जाते.

"पण सर, मला तर काहीच झटका बसत नाही," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"तुम्हाला झटका कळेपर्यंत बाळाचे बारा वाजलेले असतात, मॅडम. ठिणगी दिसली म्हणजे लई उशीर झाला."

या नियमातून कोणी सुटत नसे. शेठ नाही, कुरिअरवाला नाही. एकदा एका मोठ्या बिल्डरचे वयस्कर सल्लागार कारखाना बघायला आले. सरांनी पट्टी दाखवल्यावर त्यांनी आधी रुमाल काढला आणि विचारलं, "याला सगळेच हात लावतात का?"

"सगळेच," सर आनंदाने म्हणाले. "म्हणून तर चालतं हे. एकाने जरी नाही लावला तरी ठिणगी पडते."

सल्लागारांनी दोन बोटं टेकवली. ते गेल्यावर सर बराच वेळ स्वतःशीच हसत होते. मला वाटलं, रुमालाला हसतात. नंतर मी सरांच्या आईंना भेटले. त्यांच्या गावात कोणत्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही हे त्यांनी स्वयंपाक करता करता मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, तेव्हा ते हसू मला कळलं.

सर स्वतः मात्र कोणाशी हात मिळवत नसत. दुरून हात जोडायचे. "माझ्या अंगावर काय साठलंय मला काय माहीत? उगीच कोणाला कशाला द्या." थंडीत तर त्यांची दया यायची. वहिनींनी त्यांच्यासाठी एक मरून स्वेटर विणला होता, उल्हासनगरच्या बाजारातली चमकदार लोकर आणून. त्या लोकरीत मेंढीचा एक केससुद्धा नव्हता, सगळी अ‍ॅक्रिलिक. त्यामुळे सरांनी तो कामावर कधी घातला नाही. डिसेंबरात सकाळी स्कूटरवरून यायचे ते सुती शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालून. खुर्चीवर बसले की पोटातून कागदाचा चुरचुर आवाज यायचा. वहिनी भेटल्या की एकच तक्रार, "त्या चिपला जपतात तेवढं स्वतःच्या छातीला जपायला काय होतं हो?"

त्या काळात लोडशेडिंगने सगळे वैतागलेले होते. सर तेवढे उलटे. लाइट गेली की निवांत, चहा मागवायचे. लाइट यायची वेळ झाली की त्यांच्या छातीत धडधड. "जाताना काय, मुकाट्याने जाते. येताना मात्र दार लाथेने उघडून येते." त्या लाथेसाठी त्यांनी डब्याच्या तोंडाशीच बत्ताशाएवढा एक निळा गोल पार्ट बसवला होता. त्याचं नाव त्यांनी गुरखा ठेवलं होतं. बाहेरून मोठा झटका आला की तो स्वतःवर घ्यायचा, कधीकधी जळून काळा पडायचा, पण आत काही जाऊ द्यायचा नाही. दुरुस्तीला आलेल्या डब्यातून असा जळका गुरखा निघाला की सर तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरायचे. आम्ही टोपी काढायचं तेवढं बाकी होतं.

पण खरं कौतुक मी बघितलं शिरगावात. तिथल्या एका नव्या सोसायटीत आमचा डबा बसवला आणि तो खुळ्यासारखा वागायला लागला. टाकी भरून पंप बंद झाला की लगेच परत चालू. गच्चीवरून धबधबा, खाली वाळत घातलेले कपडे भिजलेले. सुटे पार्ट सांभाळायला सर मला बरोबर घेऊन गेले. सेक्रेटरी दारातच नारळ घेऊन उभे.

"आमच्या मिसेस म्हणतात, वास्तू कडक आहे. आधी हा फोडा, मग डब्याला हात लावा."

"आधी खुर्ची द्या," सर म्हणाले.

पंपाच्या खोलीत ते खुर्ची टाकून बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मी आणि सेक्रेटरी दारात उभे. पंप बंद होताना आत ठक्क असा आवाज झाला. सरांनी बोट वर केलं. परत ठक्क, परत बोट. गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे. मग उठले आणि भिंतीवरचा पाईप ठोकून म्हणाले, "यात काय काय आहे?"

इलेक्ट्रिशियनने पंपाची जाड वायर आणि टाकीवरून निरोप आणणारी बारीक वायर एकाच पाईपातून ओढली होती. पाईप वाचला म्हणून सोसायटीने त्याचं कौतुकही केलं होतं.

"टाकी बिचारी कुजबुजत सांगतेय, भरले, भरले," सर म्हणाले. "आणि तिच्या शेजारी तुम्ही लग्नाचा बँड बसवलाय. पंप बंद होताना उलटा झटका मारतो, तो हिच्या वायरीत शिरतो, आणि चिपला वाटतं हाच निरोप. तिची काय चूक?"

बारीक वायर वेगळ्या पाईपातून नेली. ठक्क करणाऱ्या स्विचच्या कॉइलवर सरांनी दोन छोटे पार्ट जोडले, उलटा झटका तिथल्या तिथे जिरवायला. पंप बंद झाला आणि बंदच राहिला. सेक्रेटरी हातातल्या नारळाकडे बघत होते.

"आणलाय तर फोडा," सर म्हणाले. "चटणीला होईल." अर्धी वाटी मला मिळाली.

अशा माणसाला आमच्या कारखान्यातला दसरा म्हणजे मोठं संकट. दसऱ्याला बायका सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची फुलं लावायच्या. ज्या वस्तूला सगळे रोज हात लावतात ती वस्तू त्यातून सुटणं शक्यच नव्हतं. एका वर्षी पट्टीला असं कुंकू फासलं की तांबं दिसेना. सर चिडले. "अहो, कुंकवातून वीज जात नाही. हिला पुजू नका, नुसती शिवा!" शेवटी तह झाला. हळदकुंकू वरच्या भिंतीला, पट्टी मोकळी. शेठना तर त्यांनी बजावून ठेवलं की पट्टीवर काही म्हणजे काही चिकटता कामा नये. एवढं सांगून सर दर दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, निर्धास्त.

पुढे एका वर्षी परत आले तर पट्टी लखलखत होती. फुलं नाहीत, कुंकू नाही. सर एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. "आता कशी! याला म्हणतात मेंटेनन्स!"

आणि थंडी सुरू झाली तसे बोर्ड मरायला लागले.

आधी एखादा, मग रोज. काही टेस्टिंगलाच मेलेले निघायचे. त्यांचं सरांना दुःख नव्हतं. "मेलेली चिप प्रामाणिक असते, मॅडम. जखमी चिप वाईट. ती टेस्टिंगला पास होते, हसत हसत गिऱ्हाइकाकडे जाते आणि महिन्याभराने तिकडे जीव सोडते." तशाही परत येऊ लागल्या. सरांनी दाराखिडक्यांना ओली गोणपाटं टांगली, कोरडी हवा दमट करायला. बाकांवरच्या रबरी चटया बदलल्या. पट्टी जिथे बोल्टने वायरीला जोडली होती तिथे मीटर लावून बघितला, अर्थिंग ठणठणीत. तरी बोर्ड मरत राहिले, आणि जे मरत होते त्यातले बहुतेक मंदाच्या हातचे होते.

मंदा जांभूळची. नवरा सोडून गेलेला, मुलीला घेऊन भावाकडे राहायची. पगार घरात जायचा म्हणून भावाच्या घरात तिला एक खोली होती, आणि मुलीची शाळा चालू होती. काम अगदी नीटस. बाकीच्या बायका मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून एका जागी बसायच्या. मंदाचं काम फिरतं होतं. तयार बोर्डात चिप बसवायची आणि बोर्ड पलीकडच्या खोलीत टेस्टिंगला पोचवायचा. त्यामुळे तिला पट्टा बांधून चालत नसे. ती दर फेरीला पट्टीला हात लावायची, आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त मनोभावे.

बायकांत कुजबुज सुरू झाली. मंदाचा हातगुणच वाईट. कोणीतरी म्हणालं, हात कडक आहे. कोणीतरी नवऱ्याचं काढलं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की चहाचा ट्रे, जो नेहमी मंदा फिरवायची, तो आता दुसरीच फिरवतेय. मंदा माझ्याकडे स्टोअरमध्ये चिप घ्यायला आली, पण डबी मी टेबलावर ठेवेपर्यंत तिने हात पुढे केला नाही.

"तुमच्या हाताला नको लागायला," ती म्हणाली. "माझ्या अंगातच काहीतरी हाय, मॅडम. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला पण भ्या वाटतं."

मी तशीच सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी हातातला मेलेला बोर्ड टेबलावर ठेवला.

"बोर्ड मेला तर मी दुसरा बनवीन," ते म्हणाले. "ही बाई आतून जखमी झाली तर काय बदलायचं?"

शेठ वाईट नव्हते, पण कारखाना त्यांचा होता आणि बाकीच्या बायका मंदाशेजारी बसायला नाही म्हणायला लागल्या होत्या. "सोनावणे साब, शनिवार तक देखो. मिल गया तो ठीक. नहीं तो मैं उसको नहीं रख सकता. मैं भी क्या करूँ, साईं?"

सरांनी आठवडाभर मंदाच्या चपला तपासल्या, साडीचं कापड तपासलं, बांगड्या तपासल्या. दुपारचा डबा न खाता तिच्या मागून या खोलीतून त्या खोलीत फिरले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काही सापडलं नाही. शनिवारी सकाळी सर आले ते दाढी न करताच.

अकराच्या सुमारास शेठची गाडी आली. टेरिलीनचा सफारी, गाडीच्या सीटला प्लॅस्टिकचं कव्हर तसंच ठेवलेलं, म्हणजे सरांच्या दृष्टीने चालतंबोलतं पॉवरहाऊस. शेठ खोलीच्या दाराशी आले. नियमाप्रमाणे पट्टीवर अख्खा तळवा ठेवला. आत आले. मंदा बाकाशी मान खाली घालून उभी होती. शेठनी घसा साफ केला, बोलायला सुरुवात करायची म्हणून बाकाच्या लोखंडी कडेवर हात टेकवला, आणि चट्ट!

"हाय रे अम्मा!" शेठ बोट झटकत मागे उडाले. ठिणगी आम्ही सगळ्यांनी पाहिली.

बायका घाबरल्या. एकटे सर दिवाळी असल्यासारखे शेठकडे धावले. "शेठ! तुम्ही पट्टीला हात लावला होता?"

"लगाया ना! सबके सामने लगाया!"

"मग अंगात वीज राहिली कशी?"

सरांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पट्टीवर जोरात ओरखडा मारला. तांब्यावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पारदर्शक साल निघून आली. ती त्यांनी बोटावर धरून उजेडात बघितली.

"पॉलिश," ते म्हणाले. "लाकडाचं. चांगले तीन हात दिलेत. हे कोणी केलं?"

शेठ पंख्याकडे बघायला लागले. थंडीत तो बंद होता.

"वो... दसरे में," ते शेवटी म्हणाले. "आपने बोला था उस पर कुछ चिपकना नहीं चाहिए. तो मैंने फर्निचरवाले को बुलाके कोटिंग मरवा दिया. कुमकुम लगा तो भी पुछ जाएगा. मैंने सोचा, साब आएँगे तो खूश होंगे."

"झालो ना," सर म्हणाले. "पेढे वाटले मी!" आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी पण मोठा शहाणा. बोल्टपाशी मीटर लावला. जिथे सगळ्यांना हात लावायला लावतो तिथे नाही लावला."

म्हणजे दसऱ्यापासून आम्ही सगळे भक्तिभावाने पॉलिशला हात लावत होतो. बसून काम करणाऱ्या बायकांना मनगटाच्या पट्ट्याने वाचवलं. मंदाचा भरवसा फक्त पट्टीवर होता.

सरांनी पट्टीचा मधला भाग खरवडून लाल तांबं उघडं केलं. त्यावर हात ठेवला. आणि मग, कधी कोणाशी हात न मिळवणारा तो माणूस, सगळ्यांच्या देखत मंदासमोर हात पुढे करून उभा राहिला.

मंदा मागे सरली. "नको सर. तुम्हाला लागंल."

"आधी पट्टीला हात. मग इथे."

तिने पट्टीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग सरांचा हात धरला. काही झालं नाही. चट्ट नाही, ठिणगी नाही, काही नाही.

"बघा," सर बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "काय आहे हिच्या हातात? काही नाही. चला, कामाला लागा."

शेठ बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, "मंदाबाई, आज चाय तुम पिलाओ सबको." ट्रे फिरला. सगळ्यांनी कप उचलले. एक-दोघींनी तिच्याकडे न बघता उचलले, पण उचलले.

त्यानंतर पट्टी मंदाच्या ताब्यात गेली. रोज सकाळी ती चिंचेने घासायची, घरचा तांब्या घासतात तशी. पॉलिश, कुंकू, शेठ, कोणालाही जवळ येऊ द्यायची नाही. नवीन बाई कामाला लागली की मंदा दारात उभी राहून विचारायची, "साडी कसली हाय?" सर आत बसून हे ऐकायचे आणि खूश व्हायचे.

काही वर्षांनी त्यांनी काम सोडलं. मुलगी पुण्याला होती, तिकडे जाणार होते. निरोपाचा दिवस नेमका थंडीतला. सर दारात आले तेव्हा आम्ही त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. अंगात वहिनींचा मरून स्वेटर होता, कोरा करकरीत, घडीच्या रेषा तशाच. "आजपासून माझ्या हातात बाळ नाही," ते म्हणाले. "म्हटलं, बायकोचं ऐकून बघू." त्या दिवशी ते बोर्डाच्या खोलीत गेलेच नाहीत. बाहेरच्या बाहेर चहा झाला, वडे झाले, शेठ हिंदीत भाषण करता करता रडले.

निघताना सरांनी सगळ्यांना हात जोडले. शेवटी मंदा उभी होती, आता त्या खोलीची प्रमुख. तिच्यासमोर आल्यावर त्यांनी हात पुढे केला. तिनेही केला.

चट्ट!

दोघंही उडाले. मी मंदाच्या तोंडाकडे बघितलं. मंदा आपल्या बोटाकडे बघत होती. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला न लावता, मोकळं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सर! पट्टी! पट्टीला हात कुणी लावायचा?"

"अगं, आज मी सुट्टीवर..."

"ते मला नका सांगू. नियम म्हंजे नियम. चला, मागं फिरा."

आणि ज्यांनी आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं त्या दारात अडवलं, ते सोनावणे सर मुकाट्याने मागे फिरले. मला ते शेवटचे दिसले ते असे. मरून स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केलेली, चिंचेने घासलेल्या लालभडक पट्टीवर तळवा टेकवलेला, आणि शेजारी मंदा कमरेवर हात ठेवून म्हणतेय, "नीट ठेवा. घाई नका करू. आता द्या हात."